अनुमोदक मिळेना

स्वस्ति श्री सकलसमितिसंस्थापक, नियमावलीप्रवर्तक, आंतरराष्ट्रीय-उपक्रम-मार्गदर्शकचूडामणी, रहाटणीस्थ द्विशयनगृहाधिपती, प्राध्यापक उद्धवराव यांची ही रोजनिशी. वाचक एकच : उपरिनिर्दिष्ट.

३ फेब्रुवारी, सोमवार
विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या विद्यार्थी-समित्या आज स्थापन केल्या. कार्यक्रम समिती : प्रमुख प्रज्वल. आतिथ्य समिती : प्रमुख दिव्या. नियमावली अस्मादिकांची. सूचक व अनुमोदक असल्याखेरीज कोणताही प्रस्ताव विचारात घेतला जाणार नाही. मार्गदर्शकास मताधिकार नाही. हा त्याग मुलांच्या लक्षात आला नाही. येईल.

१० फेब्रुवारी, सोमवार
लिथुआनियाच्या एक प्राध्यापिका २२ तारखेस येणार. सकाळी व्याख्यान, दुपारी चाकणच्या कारखान्याला भेट. मी प्रस्ताव मांडला : रात्रीचे भोजन माझ्या निवासस्थानी, उभय समित्यांसह. सर्वांनी माना खाली घातल्या. आदराने, असे दिसते. प्रज्वलने विचारले, सर, अनुमोदक कोण? कोणीच नाही. प्रस्ताव बारगळला. नियम चोख चालतो याचा अभिमान वाटला.
घरी एकट्यापुरता वरणभात. सौ. विजयश्री कन्येकडे टोरांटोला. आमचे द्विपक्षीय संबंध रविवारी, व्हिडिओ कॉलवर.

११ फेब्रुवारी
संकल्प : कोणाकडेही अनुमोदन मागणार नाही. पदाची प्रतिष्ठा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
दिव्याकडे मागितले. कँटीनमध्ये, चहाच्या निमित्ताने. ती म्हणाली, अहो सर, एवढंच ना, मग आधी बोलायचं की! सायंकाळच्या सभेत तिने अनुमोदन दिले. प्रस्ताव बहुमताने संमत. मागच्या बाकावर प्रज्वल कोणाला तरी विचारत होता, भावा, सरांकडे जेवायला काय असेल, नियमावली? विनोदबुद्धी विकसित होत आहे. माझाच प्रभाव.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
स्वयंपाकाच्या सोजराबाईंना राजनैतिक भोजनाचे महत्त्व विशद केले. त्या म्हणाल्या, ती बाई तिखाट खाती का न्हाई तेवढं सांगा, बाकीचं मला नगं. माहीत नव्हते. वांगी दोन प्रकारची ठरली. स्वागतपर भाषणाची आरशासमोर तालीम. टाळ्यांसाठी थांबण्याच्या जागा निश्चित केल्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सायं. ७
व्याख्यान उत्तम. परिचय प्रज्वलने करून दिला, आभार दिव्याने मानले. मी पहिल्या रांगेत होतो, कडेला. चाकणला गेलो नाही. यजमानाने घरी असावे. सोजराबाई सारख्या विचारतात, पावनं कवा येत्यात, भाकरी थापू का नगं? परराष्ट्रव्यवहारात धीर महत्त्वाचा, असे सांगितले. त्या म्हणाल्या, धीर हाय वो, तवा तापलाय.

रात्री ८.४०
दिव्याचा फोन. सर, चाकण चौकात बेक्कार ट्रॅफिक आहे, बस हलतच नाही, मॅडमना भूक लागलीय. सबब बसमध्येच तातडीची सभा. वाटेतल्या ढाब्यावर जेवावे : सूचक प्रज्वल, अनुमोदक दिव्या, एकमताने संमत. पाठोपाठ मोबाइलवर इतिवृत्त. सूचक, अनुमोदक, गणसंख्या, सारे यथास्थित. पुन्हा वाचले. एकही दोष सापडला नाही.
सोजराबाई म्हणाल्या, आता तुमी तरी बसा जेवाया, मी वाढते. बसलो. भाषण त्यांना ऐकवावे असे क्षणभर वाटले. तेवढ्यात त्यांची रिक्षा आली.

२४ फेब्रुवारी, सोमवार
पाहुण्या काल रवाना. ढाब्यावरचा फोटो आला. सगळे हसत आहेत. प्राध्यापिकाबाईंच्या हातात अख्खा कांदा. उपक्रम यशस्वी. मार्गदर्शन फळास आले.
काल टोरांटोहून पृच्छा : जेवण कसं झालं, मुलं किती वेळ बसली? म्हटले, बराच वेळ. उठतच नव्हती.
मंडपवाल्याकडून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या अद्याप दिवाणखान्यात आहेत. तो म्हणतो, सर, टेम्पो गॅरेजला आहे, झाला की नेतो, भाडं लावत नाही, राहू द्या की तोवर. प्रश्न भाड्याचा नाही. खुर्च्यांमुळे गॅलरीचे दार उघडत नाही, आणि माझा टॉवेल बाहेर दोरीवर आहे.