डावीकडून कापलेला फोटो

४ फेब्रुवारी

मला कापलं.

तक्रार म्हणून लिहीत नाही, बातमी म्हणून लिहितेय. मास्तरांच्या फोटोंचं पुस्तक महिनाअखेर छापखान्यात जायचंय. आज त्यांनी धारवाल्याचा फोटो हातात घेतला. (लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी नवऱ्याला मी अजून मास्तरच म्हणते. हे आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीने दिलेलं नाव. मंत्री असो की हमाल, "मान सरळ, हनुवटी खाली" ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती.)

फोटोत सुऱ्यांना धार लावणारा माणूस. पायाने चाक फिरवतोय, उजवीकडे ठिणग्यांचा फवारा. आणि डाव्या कडेला भिंतीला टेकून, वेणी पुढे टाकून काहीतरी टिपून घेणारी एक बारकी मुलगी — मी. आमची दोघांची पहिली एकत्र कामगिरी. त्या दिवशी एकमेकांशी चार वाक्यं बोललो असू, त्यातली दोन भांडणाची.

मास्तरांनी नेहमीसारखे दोन काटकोनी काळे पुठ्ठे फोटोवर ठेवले. हवं तेवढंच उघडं ठेवायचं, बाकी झाकायचं. डावीकडचा पुठ्ठा सरकत सरकत धारवाल्याच्या कोपरापर्यंत आला. मी गेले.

"आता बघ," म्हणाले. "आता उडतात ठिणग्या."

उडत होत्या. खरंच. फोटो आवळला गेला, नजर थेट चाकावर. मी जन्मभर लोकांचे परिच्छेद छाटले. छाटलेल्याने कुरकुर करू नये.

"छान," म्हटलं.

सुखाचा संसार झाला आपला. एका फोटोने काय बिघडतं.

५ फेब्रुवारी

मास्तरांचं जेवण कमी झालंय. ताटात निम्मं तसंच. "पोट भरलं" म्हणतात आणि थोड्या वेळाने बिस्किटांचा डबा वाजतो.

७ फेब्रुवारी

प्रस्तावना लिहून झाली. एक परिच्छेद विशेष जमला — 'या छायाचित्रकाराने उतारवयात समतोलाचा मोह सोडला आहे. त्याची चौकट आता एका बाजूला झुकते, आणि ते झुकणंच बोलतं.' स्वतःवर खूश होऊन वन्संना वाचून दाखवला. त्या खालच्या मजल्यावर राहतात. जन्म इस्पितळात गेला, निवृत्त झाल्या तेव्हा मुख्य परिचारिका होत्या. कौतुक करणं त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं.

"म्हणजे दादाचे फोटो वाकडे आलेत का, वहिनी?"

९ फेब्रुवारी

पुस्तकाची पानं लावणारी मुलगी आली होती. मास्तरांचीच विद्यार्थिनी. आम्हाला काका-काकू म्हणते आणि मनात येईल ते बोलते. मास्तर आत आडवे झाले होते, म्हणून मला गाठलं.

"काकू, रागावू नका. पण प्रत्येक फोटो डावीकडूनच का कापलाय? नावाड्याचं वल्हं गेलं. शाळेतल्या बाईंचा फळा गेला. त्या बोट कशाकडे दाखवतायत तेच कळत नाही."

मी तिला शैली समजावून सांगितली. तो परिच्छेद वाचून दाखवला.

"हे वाचलं की पटतं," ती म्हणाली. "फोटो बघितला की नाही पटत."

हुशार आहे. थोडी आगाऊ.

संध्याकाळी मास्तर पुन्हा दाराच्या चौकटीवर खांदा आपटून आले. म्हणे दार अरुंद आहे. त्या दारातून आपलं कपाट आलं होतं, मास्तर.

११ फेब्रुवारी

मनात सलतंय, खोटं कशाला लिहू. विचारावंसं वाटतं — मी एवढी अडचणीची होते का तिथे? पण विचारलं तर ते मला परत ठेवतील. मुरवतीने. आणि मुरवतीने ठेवलेलं वाक्य पानावर कसं दिसतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

शिवाय ज्या माणसाने मला बघायला शिकवलं, त्याच्या नजरेवर शंका घेऊ? पहिली कित्येक वर्षं मी फक्त ऐकून बातमी लिहायची. "हातांकडे बघ," हे म्हणायचे, "तोंड काहीही बोलतं." त्या एका वाक्यावर माझी नोकरी पार पडली. त्या उपकारापुढे ही कागदाची बोटभर पट्टी काहीच नाही.

१२ फेब्रुवारी

नाही विचारलं.

१५ फेब्रुवारी — इस्पितळात, मास्तरांच्या खाटेशेजारी

क्रमाने लिहिते.

काल दुपारी ती पानं लावणारी मुलगी नमुना-पानं घेऊन आली. वन्सं चहा घेऊन वर आल्या होत्या. मुलीने या वेळी थेट मास्तरांनाच गाठलं. मास्तर ठाम. मुलगीही ठाम. शेवटी ती म्हणाली, "काका, तुम्हीच शिकवलंत ना, शंका आली की फोटो उलटा धरायचा? डोकं खाली, पाय वर. मग माणसं दिसत नाहीत, नुसतं वजन दिसतं. कुठली बाजू जड, कुठली हलकी."

"मग धर की," मास्तर म्हणाले.

तिने धारवाल्याचा न कापलेला मूळ फोटो उलटा करून त्यांच्यासमोर धरला.

मास्तर बघत राहिले. मग चेहरा असा उजळला, की वय उतरलं.

"अगं, ही तू! भिंतीला टेकून. ही बघ वेणी." बोट माझ्यावर टेकवलेलं. "तू होतीस या फोटोत? आणि मला सांगितलं नाहीस?"

मी चक्रावले. दहा दिवस हा फोटो त्यांच्या टेबलावर आहे. पण खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं. कापलं नव्हतंच मला. मग त्यांचं बोट कागदावर पुढे सरकलं आणि मधेच अडलं.

"पण ठिणग्या कुठे गेल्या?" मुलीकडे बघून, जरा रागाने. "अर्धाच फोटो का छापलास?"

ठिणग्या तिथेच होत्या. उलट्या फोटोत आता डावीकडे आलेल्या. मास्तरांच्या डाव्या हाताजवळ.

वन्संनी कप खाली ठेवला, भावासमोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पसरले.

"दादा, माझ्या नाकाकडे बघ. कुठल्या हाताची बोटं हलतायत?"

"ही इकडची."

"आणि ही?"

"ही कुठली?"

वन्संनी हात खाली घेतले. आवाज अजिबात बदलला नाही. "वहिनी, चपला घाला. आणि तू गं, गाडी बोलाव." जाता जाता खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मेंदूत मागच्या बाजूला बारीक गुठळी अडकली होती, काही आठवड्यांपूर्वी. मास्तरांचं डोकं दुखलं होतं, आम्ही दोष चष्म्याला दिला, तोच तो दिवस असणार. तेव्हापासून डावीकडचं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आणि पोचत नाही हेही त्यांना कळत नाही. पुढची गुठळी मोठी असती. आता औषध सुरू झालंय.

"वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. "लक्षात कसं आलं?"

"फोटो उलटा धरला."

लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं.

डाव्या बाजूचं अन्न राहत होतं. डावा खांदा आपटत होता. आणि मी त्यावर प्रस्तावना लिहिली.

१६ फेब्रुवारी

मास्तर उठून बसले. मी उजवीकडे खुर्ची ओढली. सलत होतं ते आज सांगून टाकलं.

"तू नाराज होतीस? आणि मला 'छान' म्हणालीस?"

"छान झालाच होता. तेच तर दुखत होतं."

ते हसले. मग म्हणाले, "मी स्कूटरवरून बाजारात जात होतो गं."

त्यांच्या डावीकडून चालणाऱ्या, वेळेवर बाजूला झालेल्या अनोळखी लोकांनो — शिव्या दिल्या असतील तर योग्यच दिल्या. तुमचे फार उपकार आहेत.

वन्सं डबा घेऊन आल्या. "जन्मभर हिचं ऐकलं नाहीस, निदान आता हिला उजवीकडे बसव. दिसेल तरी."

२३ फेब्रुवारी

घरी आलो. डावी बाजू किती परत येईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. तोवर मान वळवायची सवय लावायची. वन्संनी ताटाच्या, दाराच्या, टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावलीय. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, हा हुकूम. फोटोंनाही लावली. मास्तर कुरकुरत वळवतात.

प्रकाशकांकडे मुदत वाढवून मागितली. आयुष्यात पहिल्यांदा. "बाई, तुम्ही?" म्हणाले, आणि लगेच दिली.

प्रस्तावनेतला तो परिच्छेद काढला. मुलीला फोन करून सांगितलं, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, "काकू, भाषा मात्र सुंदर होती हं." आगाऊच आहे. पुस्तकावर तिचं नाव मोठ्या अक्षरात घालायचं ठरवलंय.

१ मार्च

सगळे फोटो नव्याने. नावाड्याला वल्हं मिळालं, बाईंना फळा. आज पोळी-भाजी — ताट लख्ख. एवढ्यावर मी खूश आहे. धारवाला त्यांनी शेवटी ठेवलाय.

६ मार्च

आज धारवाला. लाल पट्टीपर्यंत मान वळवून मास्तरांनी फोटोतल्या मला नीट पाहिलं. फोटो उलटा धरून पाहिलं, सरळ धरून पाहिलं. मग काळा पुठ्ठा डावीकडून सरकवला आणि थांबवला — धारवाल्याच्या कोपराशी. तिथेच.

"तू असलीस की मी तुझ्याकडेच बघत बसतो," म्हणाले. "ठिणग्या राहून जातात. कापू?"

कापायची रेघ मारायला पेन्सिल मीच पुढे केली.