तोंडातून कानात

७ फेब्रुवारी, शनिवार
...आणि सगळ्यांत आधी टपकला वरच्या मजल्यावरचा ऑस्कर, मागोमाग त्याची सात माणसं. मी वसईहून शारजात येऊन दोनच दिवस झाले, नि घर कसं भरून गेलं बाई! मी हौसेने वालाची भाजी पुढे केली, तर सगळे साप बघितल्यासारखे मागे. ऑस्कर म्हणे, आंटी, वालात मेलेल्यांचे जीव असतात. म्हटलं, मग मी अर्धी सिमेटरी पचवली की रे! कोणी हसलं नाही.

ही मंडळी पायथागोरसची. ग्रीक तत्त्वज्ञ. सूनबाई पामेला सांगते, त्याचा त्रिकोण शाळेत असतो. मी चौथीतच खलास, तिथवर पोचलेच नाही. त्याची खरी शिकवण कधी लिहिली नाही, अडीच हजार वर्षं तोंडातून कानात. माझा मुलगा ग्लेन आणि पामेलापण ऐकतात. मला बघून ऑस्कर म्हणाला, आंटी अनपढ आहेत, बसू दे.

८ फेब्रुवारी, रविवार
चर्चमध्ये मिस्सा झाली. आता काल ऐकलेलं विसरायच्या आत लिहून ठेवते, नोव्हेनाच्या प्रार्थना लिहिते तशी. पडलेलं उचलू नये. सुरीने विस्तव ढवळू नये. उठल्यावर अंथरुणातली अंगाची खूण मोडावी. आणि शेवटची, जो हे लिहील तो आपल्याला मेला, त्याचा दगड जिवंतपणीच उभारावा. एवढ्याशा वहीला कोण घाबरतं!

१० फेब्रुवारी, मंगळवार
पामेलाने तीनच ताटं वाढली. तिचं, ग्लेनचं, छोट्या अँजेलाचं. माझं कुठे, विचारलं. ती अँजेलाला भरवत बसली. मग ग्लेनने वसईला बहिणीला फोन लावला, मम्मी रविवारी गेली म्हणून. मी बाजूलाच उभी. त्याची बाही ओढली. त्याने दंड चोळला, एसी कमी केला.

११, बुधवार
रविवारचं पान फाडलं. बारीक तुकडे केले. वही उघडली, तर पान जागच्या जागी.
सकाळी अंथरुणात माझी खूणच नव्हती.
अँजेला विचारते, व्हेअर इज ग्रॅनी? मी समोर. अगदी समोर —

१२, गुरुवार
आठही जण आले. पांढरा दगड आणला. माझं नाव. खाली ८ फेब्रुवारी. ग्लेन रडला, मी त्याचे डोळे पुसले, ओले राहिले.
सगळे माझ्या अंगावरून गेले. ऑस्कर तेवढा थांबला. सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, आंटी, लिहिता येतं हे आधी सांगायचं होतं.
ओरडले. तो दार लावून —
परत येतील. शनिवारी. माझ्या सातव्याला, मिस्सा झाली की दगड बसवायचा, आणि मग मला पण त्या दगडाखाली —