वाघदेवाच्या तोंडावरचा चौकोन

२२ जून २०२५
लिही पोरी. मी बोलते, तू लिही. मधे तुझं शहाणपण घालू नको.

माझी नात प्रगती, हीच लिहिणारी, नाशिकहून आली. तिथे एका फोटोवाल्याकडे कामाला असते. भाताच्या आवणीला हात हवेत, म्हणून आता पावसाळाभर घरी. येताना कॅमेरा आणलाय — मालकाने नवा घेतला, जुना हिला दिला. मुठीत मावतो. यात आरसा नसतो, म्हणून हलका, म्हणाली. मी म्हटलं, आरसा नाही तर तोंड कसं ओळखणार? तर मागच्या काचेवर माझं तोंड आलं आणि तोंडाभोवती पिवळा चौकोन बसला! तोंड दिसलं की चौकोन येतो म्हणे. सुनेला, सुषमाला, आला. म्हशीला नाही आला. तिला वाईट वाटलं असेल.

मग वाघदेवाकडे धरला. आमच्या घरांच्या वर, चढ सुरू होतो तिथे त्याचा दगड आहे. शेंदराचे दोन डोळे, तोंड पाड्याकडे. त्यालाही चौकोन आला! देवाला माणसांत धरलं.

हिच्या ओळी वर वर चढत जातात. मला अक्षर येत नाही, पण वाकडं कळतं. हेही लिही.

२९ जून
आवणी. कंबर गेली. बाकी काही नाही.

४ जुलै
दार लागेना. लाकूड पावसाने फुगलं, असं म्हणून मुकेशने रंधा मारला. मुकेश माझा लेक, हिचा बाप.

६ जुलै
दार पुन्हा अडलं. पुन्हा रंधा. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत नुसती कडीच उरेल.

संध्याकाळी प्रगती गोठ्याच्या मेढीला टेकून वाघदेवाचा फोटो घेत होती. पहिल्या फोटोचीच जागा. चौकोन येईना. काच पुसली, तरी नाही. मी जवळ जाऊन बघितलं. देवाने तोंड फिरवलंय. जरासंच — उसनं मागायला आलेला दिसला की माणूस फिरवतो तेवढं.

८ जुलै
लहान्या भगत आला. देव रागावलाय, वाघबारशीला कोंबडा लहान दिला होता, म्हणाला. मोठा दिला. पुरुषांनी पहार लावून दगड सरळ केला, बुडाशी गोटे ठोकले, नवा शेंदूर लावला. प्रगतीने कॅमेरा धरला — चौकोन आला. सगळ्यांना हायसं वाटलं. मुकेश म्हणाला, "बघ आये, मशीनपण मानतं."

रस्सा झकास होता. खाल्ला. पण देव रागावला तर माणसाला ताप येतो, ढोर मरतं. दार कशाला अडेल?

११ जुलै
दोन दिवस उघडीप. तरी झऱ्याचं पाणी लाल मातीचं.

१३ जुलै
चौकोन परत गेला.

प्रगतीला म्हटलं, पहिला फोटो काढ, आजचा काढ, दोन्ही दाखव. देवामागे ऐनाचं झाड आहे. पहिल्यात ताठ उभं. आजच्यात घरांकडे वाकलेलं. ही म्हणाली, आजी, कडेला आलेली वस्तू या भिंगातून वाकडी दिसते. म्हटलं, मग मधे घे. मधे घेतलं. झाड वाकडंच.

मुकेशला दाखवलं. म्हणाला, देवाला पुन्हा सरळ करू.

"अरे, देव जागचा हलला नाही. त्याच्या खालचा डोंगर निघालाय."

आवणी अर्धी राहिलीय, म्हणाला. रोपं कोण लावणार? तुला भीती वाटते तर शाळेत जाऊन बस.

१६ जुलै
बसले! मी, प्रगती, पाड्यातल्या म्हाताऱ्या नि पोरं, सगळे खालच्या आश्रमशाळेत. मुकेश, सुषमा वरच. इथे वर्षाबाई शिकवतात. फोटो बघून त्यांचा चेहरा उतरला. तालुक्याच्या कचेरीत फोन केला, दोन्ही फोटो पाठवले. मुकेश आईच्या सांगण्यावरून उतरणार नाही. साहेबाने सांगितलं तर उतरेल.

रात्रभर पाऊस.

१८ जुलै
कचेरीतून उत्तर आलं. फोटो जुने झाले, आजची स्थिती दाखवा, मग माणूस पाठवतो.

प्रगती उद्या सकाळी वर जाते म्हणते. फोटो काढते, बाबाला नि आईला घेऊनच येते. मी जा म्हटलं. गोठ्यापासूनच काढ, पुढे जाऊ नको. लिहितेस ना? लिही, म्हणजे ध्यानात राहील.

आणि माझा एक चांगला फोटो अजून काढला नाहीस. मेल्यावर भिंतीवर काय, म्हशीचा लावणार? आल्यावर काढते म्हणाली. हसते आहे. ओळ अजूनच वर गेली.

२० जुलै
मुकेश नि सुषमा उतरले. प्रगतीनेच भांडून त्यांना पुढे पाठवलं, आपण फोटोला मागे थांबली. शाळेच्या दारातून डोंगर आता अर्धाच दिसतो. माणसं फावडी घेऊन गेलीत.

आज ओळी सरळ आल्यात. वर्षाबाई लिहितायत.