कोरी ठेवलेली जागा

रविवार, ९ नोव्हेंबर, स्कारबरो

लायब्ररीतलं चित्रांचं प्रदर्शन पाहून आले, पण ती कोरी जागा डोळ्यांपुढून हलत नाही. चित्रकार डोरीन, इथल्या कॅनडातल्या ओजिब्वे या आदिवासी समाजातली, सत्तरीची असेल. धरणात बुडालेला पूर्वजांचा मुलूख तिने आजीच्या तोंडून ऐकून काढलाय. बेटं, मासे, पवित्र खडक, सगळं आहे. मधोमध मात्र नुसता कॅनव्हास.

"हे काढायचं राहिलंय का?" मी विचारलं. उगाच विचारलं?

"तिथली गोष्ट सांगायच्या आधीच आजी गेली," ती म्हणाली. "मनाने काढली तर खोटी होईल."

केवढी मोठी जागा होती ती! घरी आल्यावर जॅकेटही न काढता नागपूरला फोन लावला. तिकडे नुकतं उजाडत होतं. आईने तिच्या गावाबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नाही. आणि मीही कधी विचारलं नाही.

"आई, तुम्ही गाव का सोडलं गं?"

ती म्हणाली, "मला एक थोरली बहीण होती."

मी एक्कावन्न वर्षांची आहे. मला एक मावशी होती हे आज कळलं.

"नाव काय तिचं?"

"गिरजा," आई म्हणाली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. पुढचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.