पुतळाबाईंना वाचून दाखवताना

३ जानेवारी
निवृत्तीनंतरचा पहिला संकल्प : समाजसेवा. वाचनालयात चौकशी केली. फिरती गाडी, मुलांचा विभाग, अभ्यासिका, ऐकायची पुस्तकं, सगळं आहे. फक्त माझ्यासारखा माणूस नव्हता. ग्रंथपाल हर्षालीताईंनी विचारलं, अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन वाचून दाखवाल का? लगेच हो म्हटलं. कंपनीत सेफ्टीच्या सूचना माईकवर मीच वाचायचो.

६ जानेवारी
सातपूरला पुतळाबाईंकडे. येवल्यात जन्मभर पैठण्या विणल्या. आता डोळे गेले, कंबरही गेली. नात सृष्टी सांभाळते. बाईंनी खुनाची कादंबरी मागितली. अभिरुची कच्ची. सुधारावी लागेल. पहिल्याच प्रकरणात नाटक कंपनीचा मालक मेला.

१३ जानेवारी
"थांबू नका भाऊ, पुढं वाचा," म्हणाल्या. आवाजाचा परिणाम.

२० जानेवारी
शेवटची दोन प्रकरणं उरलीत. मुद्दाम थांबलो. उत्सुकता ताणली की मन तयार होतं. मग माझं आत्मचरित्र काढलं. बालपण वाचून संपवलं. बाई म्हणाल्या, "मंग खून कोणी केला?"
म्हटलं, आधी हे होऊ द्या.

२७ जानेवारी
आत्मचरित्र, नोकरीचा भाग. पुतळाबाईंच्या डोळ्यांत पाणी. इतकी दाद बायकोनेही कधी दिली नाही.
सृष्टी म्हणाली, "काका, तिला ताप आहे. तेवढा शेवट वाचा ना. झोपेतही तेच विचारते. नाहीतर पुस्तक ठेवून जा, मी वाचते."
पुस्तक माझ्या कार्डावर आहे. नाही म्हटलं. साहित्यात घाई चालत नाही.

३ फेब्रुवारी
बाईंना दवाखान्यात हलवलंय. लग्नाचं प्रकरण घेऊन गेलो. आयसीयूत सोडलं नाही. नियमांपुढे कलेचं काही चालत नाही. येताना कादंबरी परत केली, मुदत संपत होती.

५ फेब्रुवारी
पुतळाबाई गेल्या. आत्मचरित्र अर्धवट राहिलं. वाईट वाटलं.

१४ फेब्रुवारी
दहाव्याला गेलो. दोन शब्द बोलायची तयारी होती. कोणी बोला म्हटलं नाही. सृष्टीने चहा दिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काका, खून कोणी केला होता?"
मी तिथवर वाचलंच नव्हतं. पण माणसं बघत होती. म्हटलं, नोकराने.
ती फोटोपाशी गेली, वाकली, हळूच म्हणाली, "आजी, नोकरानं."
घरात बायका रडायला लागल्या. प्रसंग मी बरा सांभाळला.

१६ फेब्रुवारी
वाचनालयात जाऊन शेवट पाहिला. कादंबरीत नोकरच नाही. मालकाच्या बहिणीने विष घातलं होतं.
सृष्टीला कळवण्यात अर्थ नाही. तिचं समाधान झालंय.
नवीन पेशंट कधी देता, असं हर्षालीताईंना विचारलं. म्हणाल्या, सृष्टी येऊन तीच कादंबरी घेऊन गेली होती, काल परत केली. मला मागच्या खोलीत पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं घालायचं काम दिलंय. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.