चौकट फाकेल म्हणून

तळोदा
९ डिसेंबर २०२४, सोमवार

फुलाताई,

‘पायांवर डोकं ठेवतो’ असं लिहायला गेलो आणि हात थांबला. मग ‘पायावर’ लिहिलं, तेही खोडलं. तेव्हा नुसता नमस्कार घे.

इकडे सगळे बरे आहेत. सुनिताची, तुझ्या भावजयीची, कंबर थंडीत धरते, तेवढंच. तुझी साखर आता किती येते? जागृती गोळ्या वेळेवर देते ना? दिराची मुलगी असून ती तुझं पोटच्या लेकीसारखं करते. आणि मी सख्खा भाऊ असून चार महिन्यांत एकदाही खापरला आलो नाही, असं तू समजत असशील. ते खरं नाही. सांगतो पुढे.

कामं जोरात आहेत. केळीवाल्या पाटलांच्या बंगल्यात रसोईच्या ट्रॉल्या आणि कोपऱ्यातलं फिरतं कपाट बसवलं. एका मास्तरांनी देवघराला सरकती दारं आणि कुलूप करून घेतलं, आता देव रात्रभर कोंडलेले. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवतं आणि म्हणतं, अस्संच पाहिजे. मी म्हणतो, होऊन जाईल. ‘होत नाही’ हे मी आजवर कुणालाच म्हटलेलं नाही. तुला सोडून.

तू म्हणशील, बोलायला फोन आहे की. फोनवर मी गोड बोलतो ताई, गिऱ्हाइकांशी बोलून जीभच तशी झाली आहे. कागदावर खोटं लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात माझं मलाच कळतं.

ऑगस्टमध्ये एक पाय काढल्यावर चिंचपाड्याच्या दवाखान्यातून तुला घरी सोडणार होते. तू फोन केलास, थोडे दिवस माहेरी, बापूंच्या घरी राहते म्हणालीस. मी म्हणालो, चाकाची खुर्ची उंबऱ्यावरून यायची नाही. आणि उंबरा काढला तर चौकट फाकेल, वरची भिंत बसेल. अगदी ठासून सांगितलं, कारागिराच्या आवाजात. मग म्हणालीस, “बरं उखा. तू कारागीर शे, तुले जास्त समजस.” आणि जागृतीकडे गेलीस.

मागच्या महिन्यात मी खापरला आठ दिवस होतो. तुझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, दगूबाईंच्या घरी. त्यांच्या मुलानं म्हातारीसाठी सगळं घर नीट करायला काढलं होतं. न्हाणीत धरायला दांडा, पलंगाची उंची कमी, दारापुढे लाकडी उतार. आठही दिवस मी मागच्या रस्त्यानं गेलो-आलो, तू ओट्यावर बसलेली असशील म्हणून.

शेवटच्या दिवशी त्यांचा उंबरा काढला. म्हातारीचा वॉकर अडत होता. पटाशी, हातोडी आणि अर्धा तास. दगूबाई शेजारी बसून बघत होत्या. उंबरा निघाला, त्यांनी वॉकर घेऊन दारातून दोन फेऱ्या मारल्या आणि मला विचारलं, “तू फुलवंताना भाऊ शे ना? ती गाव भरमां सांगस, मन्हा भाऊना जीव भलता तुटस, पन घरनी चौकट फाकी जाई, म्हनीसन त्याले माले लई जाता येत नही.” मी मान हलवली. तेव्हा त्या माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, “मंग मन्हा घरनी चौकट कशी नही फाकनी?”

मी म्हणालो, तुमची चौकट नवी आहे. ताई, तेव्हासुद्धा खोटंच बोललो.

घरी आलो आणि आपल्या दारापाशी उकिडवा बसलो. आपला उंबरा बापूंनी दोन्ही बाजूंनी खाचेत बसवून एकेका खुंटीनं अडकवला आहे. उंबरा झिजतो, तो चौकटीला धक्का न लावता बदलता आला पाहिजे, असं ते म्हणायचे. डावीकडची खुंटी सरळ, उजवीकडची तिरपी. ती तिरपी का, हे बापूंनी मला शंभर वेळा हसत सांगितलं होतं. ती तू ठोकलेली. अकरा वर्षांची होतीस, हट्टानं हातोडी मागून घेतली होतीस, आणि बापूंनी ती तशीच राहू दिली.

म्हणजे फोनवर मी चौकट फाकेल म्हणालो, तेव्हाच तुला कळलं होतं. तू सुताराची मुलगी आहेस हे मी विसरलो. आणि कळूनही तू माझं खोटं उचललंस आणि माझं नाव राहावं म्हणून गावभर सांगत बसलीस.

आता खरं लिहितो. सुनिताचा काही दोष नाही. ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती, “ताईले लई या, मी करसू त्यास्नं.” दोष माझा. पुढच्या खोलीत मी नमुन्याचं काम केलं आहे. टीव्हीचं कपाट, सरकत्या दारांचं कपाट, छतात दिवे. लोक ते बघून काम देतात. त्या खोलीत तू खुर्चीत बसलेली, पायाला पट्टी, औषधाचा वास, आणि गिऱ्हाईक दारातून आत येतंय, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. मला तुझी लाज वाटली ताई. जिनं आईमागे मला कडेवर वाढवलं, तिची. हे वाक्य लिहायला मला अख्खी रात्र लागली.

उंबरा मी परवा काढला. दोन खुंट्या काढल्या, बाजूला सरकवला, झालं. चौकट जागची हलली नाही. पायरीवर सागाचा उतार केला, सुनिताला वजनासाठी गाठोडं मांडीवर देऊन भाड्याच्या खुर्चीतून दोनदा वरखाली नेऊन बघितलं. ती हसत होती. मला रडू आलं.

काल पुन्हा खापरला गेलो आणि दगूबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “माले कसाले सांगस? जिले सांगानं तिले सांग.” तिथून तुझं दार दोनशे पावलांवर. चालायची हिंमत झाली नाही. म्हणून हे पत्र. जागृतीलाही वाचून दाखव, ओट्यावर बायका असतील तर त्यांनाही. यापुढे माझ्यासाठी कुणापुढे काही बोलू नकोस.

शनिवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो. तू नाही म्हणालीस तर परत फिरेन, समजावत बसणार नाही. तो हक्क मी घालवला. पण तू आलीस किंवा नाही आलीस, बापूंच्या दारात उंबरा पुन्हा बसणार नाही. घरात येणारा विचारेल, उंबरा कुठे गेला? तेव्हा मी कारण सांगेन, खरं.

जिची मला लाज वाटली, आणि जिनं माझी लाज राखली, तिचा

उखा