मामीचे दिवे आणि दाराची कडी

चि. सिद्धनाथ यास रोहिदासमामाचे आशीर्वाद. तुझा खोकला कमी झाला असेल. इकडे मामीवाचून जसे असायचे तसे सर्व आहे.

पत्रास कारण तुझे दिवे. मामीचे गुडघे दुखत म्हणून तू दिवे आपोआप लावणारी ती डबी बसवलीस आणि जावास्क्रिप्टमध्ये टायमर लिहिलेस. पहाटे साडेचारला चुलीजवळचा दिवा, मग गोठ्यातला, मग ओट्यावरचा. दोन दिव्यांमध्ये तिला चालत पोचायला लागेल तेवढे डबीने थांबायचे. ती होती तोवर ठीक चालले. आता वीज गेली की डबी मोजणी विसरते आणि वीज आली की पहिल्यापासून सुरू करते. परवा भर दुपारी दोनला चूल उजळली, मग गोठा, मग ओटा. म्हैस उठून उभी राहिली. (धारेची वेळ समजली असावी. मी बादली घेऊन गेलो, तर माझ्या मागे बघत होती.) शेजारच्या फुलाबाईने हे पाहिले आणि तीन वर्षांपूर्वी नेलेले पातेले घासून आणून ठेवले. "भावजी, वयनीला सांगा, म्या इसरले न्हवते," म्हणाली. काल पलीकडच्या घरच्या रखमाजीने खलबत्ता आणला. तो आमचा नाहीच.

बटण बंद करायचे, तर तिथे अडचण आहे. दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. सगळ्यांनी शब्द देऊन झाले. रखमाजी म्हणाला, "आरं, तू काईतरी बोल की आता!" मला चारचौघांत बोलता येत नाही. तोंडातून गेले, "तुझे दिवे बंद करणार नाही." लगेच शिवला. (फुलाबाईच्या मते तो उपाशी होता.) पण शब्द मी दिला आहे, तू नाहीस. तेव्हा रविवारी येऊन तूच डबी काढून ने.

तुझा,
रोहिदासमामा

ता. क. डबी काढू नकोस. तिला बॅटरी बसव आणि वेळ घड्याळाला बांध. चुलीजवळ दिवा लागला की मी चहा ठेवतो, आणि दरवेळी दोन कप होतो. दुपारचा चहा मामीला चालत नसे.

आणखी एक. गोठ्यातला दिवा लागण्याआधी गोठ्याकडे जायच्या मागच्या दाराची कडी वाजते. कडीलाही टायमर लावला असशील तर मला कळवू नकोस.